झेल्डा मालिकेचा कालक्रम: ‘नायक हरला’ ही तिसरी शाखा कितपत टिकते?

हुकशॉट (धागाकर्ता)

२०११ च्या डिसेंबरात जपानमध्ये ‘हायरूल हिस्टोरिया’ हा निन्टेंडोच्या सहभागाने सिद्ध झालेला ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेम मालिकेतील खेळांचा क्रम कोणता, यावरच्या वादावर आता कायमचा पडदा पडेल असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात जुना वाद मिटला आणि त्याहून चिवट असा नवा वाद उभा राहिला. ग्रंथाने सांगितलेल्या तीन शाखांपैकी दोन शाखांचा उगम खेळाडू स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. तिसरीचा उगम मात्र कोणत्याही खेळात दाखवलेला नाही. तिसरीला पहिल्या दोघींच्या पंक्तीला बसवावे का, हा या धाग्याचा प्रश्न आहे.

मालिका न खेळलेल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. पहिला खेळ १९८६ साली आला आणि दुसरा १९८७ साली. दुसरा खेळ पहिल्याचा सरळ उत्तरभाग असल्यामुळे तिथे प्रश्न नव्हता. १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’ने मात्र आपण आधीच्या दोन्ही खेळांच्या पूर्वीची कथा सांगत असल्याचे सूचित केले, आणि तेव्हापासून नायक लिंक व हायरूल राज्याची राजकन्या झेल्डा ही दोन माणसे नसून पिढ्यानपिढ्या पुन्हा जन्मणाऱ्या दोन भूमिका आहेत, हे हळूहळू स्पष्ट होत गेले. गॅननची (मानवी रूपात गॅननडॉर्फची) गोष्ट वेगळी आहे, कारण तो बहुतेक वेळा तोच जुना शत्रू असतो, कधी कैदेतून सुटलेला तर कधी मेल्यावर पुन्हा उठवलेला. म्हणूनच कालक्रम लावताना गॅननचा माग काढणे हीच सर्वांत भरवशाची पद्धत ठरते. तो कुठे कैद झाला, कुठे मेला आणि त्याच्या हाती ट्रायफोर्सचा, म्हणजे शक्ती, शहाणपण आणि धैर्य अशा तीन भागांच्या दैवी वस्तूचा, कोणता भाग होता, एवढे टिपून ठेवले तरी अर्धे कोडे सुटते.

फाटा फुटतो तो १९९८ च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये. लहान लिंक मास्टर सोर्ड ही पवित्र तलवार उपसतो, सात वर्षे निद्रिस्त राहतो, तरुण होऊन गॅननला हरवतो, आणि शेवटी झेल्डा त्याला पुन्हा बालपणात पाठवते. तो गेल्यावर मागे उरलेले जग पुढे चालू राहते. त्या जगात गॅनन कैदेत आहे, पण नायकच नाहीसा झालेला आहे. ‘द विंड वेकर’ याच जगाची पुढची कथा सांगतो. त्याच्या आरंभी सांगितलेल्या आख्यायिकेनुसार दुष्टशक्ती पुन्हा उठली, लोक नायकाची वाट पाहत राहिले, नायक आला नाही, आणि अखेर देवांनी राज्य समुद्राखाली बुडवले. दुसऱ्या शाखेत बालपणात परतलेला लिंक झेल्डाला पुढचे संकट आधीच सांगतो, त्यामुळे गॅननडॉर्फचा कट फसतो. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये आपण त्याच्या देहदंडाचे दृश्य पाहतो ते याच शाखेत. या दोन्ही शाखा खेळांच्या कथानकातून आपोआप निघतात आणि ग्रंथ येण्याच्या कितीतरी आधी चाहत्यांनी त्या मांडून ठेवल्या होत्या.

अडचण होती ती जुन्या खेळांची. ‘अ लिंक टू द पास्ट’, ‘लिंक्स अवेकनिंग’, दोन ‘ओरॅकल’ खेळ आणि मूळचे पहिले दोन, हे सारे या दोन शाखांत नीट बसेनात. समुद्रात बुडालेल्या हायरूलनंतर ‘अ लिंक टू द पास्ट’मधील हिरवेगार हायरूल ठेवता येईना, आणि ज्या शाखेत गॅननडॉर्फला ट्रायफोर्सपर्यंत पोहोचू दिले नाही, तिथे त्याने अखंड ट्रायफोर्स हस्तगत केल्याची जुनी कथाही लागू पडेना. ग्रंथाने यावर सोपा तोडगा काढला: ‘ऑकरिना’च्या अंतिम लढाईत नायक हरला असता तर काय झाले असते, ती तिसरी शाखा. गॅननने तिन्ही भाग मिळवले, सात ऋषींनी त्याला ट्रायफोर्ससकट पवित्र क्षेत्रात, म्हणजे ट्रायफोर्सच्या मूळ स्थानी, कोंडले, आणि तिथून सर्व जुने खेळ सुरू झाले.

माझी हरकत इथे आहे. पहिल्या दोन शाखांना कारण आहे, कारण झेल्डाने लिंकला मागे पाठवले म्हणून एका काळाचे दोन काळ झाले. तिसऱ्या शाखेला असे कोणतेही कारण दिलेले नाही. नायक हरण्याची शक्यता तर प्रत्येक खेळात, प्रत्येक लढाईत असते. १९८७ च्या दुसऱ्या खेळाचेच उदाहरण घ्या: लिंकचे सर्व प्राण संपले की पडद्यावर खेळ संपल्याच्या सूचनेबरोबरच गॅनन परतल्याची घोषणा झळकते, कारण त्या कथेत गॅननचे अनुचर त्याला जिवंत करण्यासाठी लिंकच्या रक्ताच्या शोधात असतात. म्हणजे पराभवानंतर जगाचे काय होते, हे या खेळाने कथेच्या अंगानेच सांगितलेले आहे. तरीही त्या पराभवाची शाखा कुणी धरत नाही, आणि ‘ऑकरिना’च्या पराभवाची मात्र धरायची, हा पंक्तिप्रपंच मला पटत नाही.

तेव्हा जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. या शाखेला खुद्द ‘ऑकरिना’मध्ये काही आधार सापडतो का? आणि ग्रंथाचे म्हणणे बाजूला ठेवले, तर जुन्या खेळांना दुसरीकडे कुठे जागा मिळू शकते?

पवनचक्की

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण ‘ऑकरिना’मधील काळप्रवासाचे नियम नीट तपासले तर तिसऱ्या शाखेला एक आडवाटेचा आधार सापडतो, असे मानणारा चाहत्यांचा एक गट फार पूर्वीपासून आहे.

काकारिको गावातील पवनचक्कीत बसलेला वादक आठवा. तरुण लिंक त्याला भेटतो तेव्हा तो संतापलेला असतो आणि सात वर्षांपूर्वी एका पोराने येऊन एक धून वाजवली व चक्कीचा सारा घोळ केला, अशी तक्रार करतो. तीच धून, म्हणजे वादळाचे गीत, तो लिंकला शिकवतो. मग लिंक भूतकाळात जातो आणि त्याच चक्कीत ती धून वाजवतो; म्हणजे तक्रारीतले पोर म्हणजे लिंकच. धून लिंकने वादकाकडून घेतली आणि वादकाने लिंककडून, त्यामुळे ती मुळात रचली कुणी, याला उत्तरच नाही. कालक्रमाच्या दृष्टीने यातून निघणारा नियम असा, की भूतकाळात लिंक जे करणार आहे ते भविष्यात आधीच घडून गेलेले आहे.

आता जादूच्या बियांकडे पाहा. लहान लिंकने एखाद्या मऊ मातीच्या जागी बी पेरले नसेल, तर सात वर्षांनंतर ती जागा मोकळीच दिसते. भूतकाळात जाऊन बी पेरून परत आले, की त्याच जागी लिंकला अंगावर घेऊन उडणारे पान उभे असते. इथला नियम अगदी उलट आहे, कारण इथे भूतकाळातील कृतीने भविष्य बदलते.

एकाच खेळात हे दोन परस्परविरोधी नियम शेजारी शेजारी नांदतात. रचनाकारांनी यावर फार विचार केला असेल असे मला वाटत नाही. एका ठिकाणी त्यांना गंमतीदार कोडे हवे होते आणि दुसऱ्या ठिकाणी पेरल्याचे फळ दिसायला हवे होते. चाहत्यांचा तर्क मात्र बियांवरून सुरू होतो. भविष्य बदलू शकत असेल, तर लिंकने भूतकाळात फेऱ्या मारण्याआधीचे असे एक मूळ भविष्य असणारच, ज्यात त्याने ते बदल केलेले नव्हते. आत्म्याच्या मंदिरात हे अधिक ठसठशीतपणे दिसते. तेथील एका अरुंद भोकातून लहान मुलालाच जाता येते, आणि त्या वाटेने मिळणारे रुपेरी हातमोजे घातल्याशिवाय तरुण लिंकला मंदिराच्या दुसऱ्या भागातील अवजड शिळा ढकलता येत नाही. म्हणजे जो लिंक एकदाही मागे गेला नाही, त्याला हे मंदिर पूर्ण करता येणार नाही, तेथील ऋषी जागी होणार नाही, आणि गॅननसमोर तो अपुऱ्या बळानिशी उभा राहील. हा लिंक हरला. त्याचा पराभव झालेले जग म्हणजेच तिसरी शाखा.

मला ही मांडणी आवडते, कारण तिच्यात पराभवाला कारण आहे आणि तो कुठल्याही लढाईतला कुठलाही पराभव नाही. तुमच्या हरकतीने दाखवलेला मुख्य दोष तिने दूर होतो.

हुकशॉट (धागाकर्ता)

पवनचक्की, आपण फार नेमके मांडले आहे, आणि बियांचा मुद्दा मी स्वतः या अंगाने कधी तपासला नव्हता. तरीही ही मांडणी पवनचक्कीच्या वादकापाशीच अडखळते. तरुण लिंक त्याला अगदी पहिल्यांदा भेटतो, तेव्हाही तो संतापलेलाच असतो. मूळ भविष्य नावाची काही गोष्ट असती, तर त्यात तो शांत सापडायला हवा होता. खेळाडू कितीही लवकर गेला तरी तसा वादक त्याला कधी भेटत नाही. तेव्हा बियांचा नियम धरला तर मूळ भविष्य आहे आणि वादकाचा नियम धरला तर ते नाही. तिसऱ्या शाखेसाठी आपल्याला त्यातला सोयीचा तेवढा नियम निवडावा लागतो.

शिवाय ग्रंथ या कारणाचा आधार घेत नाही. पराभव अंतिम लढाईत झाला, एवढेच तो सांगतो, आणि अंतिम लढाईपर्यंत पोहोचलेल्या लिंकने आत्म्याचे मंदिर पूर्ण केलेले असते. म्हणजे ही उपपत्ती अधिकृत शाखेचे समर्थन करण्यासाठी अधिकृत वर्णनच बदलून घेते. माझी त्याला तात्त्विक हरकत नाही, पण मग ती चाहत्यांची स्वतंत्र चौथी शाखा झाली, असे म्हणायला हवे.

सातवा ऋषी

जुन्या खेळांचे स्थान ‘ऑकरिना’नंतरच असले पाहिजे, याचा एक साधा पुरावा इथे कुणी दिलेला नाही. १९८७ च्या खेळातील गावांची नावे रौरू, रूटो, सारिया, नाबूरू, दारूनिया, मिडो अशी आहेत. रचनाकारांनी ‘ऑकरिना’मध्ये हीच नावे ऋषींना आणि इतर पात्रांना दिली. निर्मितीच्या क्रमात गावे आधी आणि माणसे नंतर आली, पण कथेच्या क्रमात गावांना थोर माणसांची नावे मिळणे हेच स्वाभाविक आहे. त्यामुळे ‘ऑकरिना’तील ऋषींची आठवण जिवंत आहे अशा काळातच दुसरा खेळ ठेवावा लागतो.

याने शाखा ठरत नाही, एवढे मान्य आहे. मात्र ज्या शाखेत गॅननडॉर्फला आधीच पकडले, त्या शाखेत ते ऋषी म्हणून कधी जागेच झाले नाहीत. तिथे सारिया कोकिरी वनातील एक मुलगी आणि दारूनिया एका टोळीचा प्रमुख एवढीच त्यांची ओळख उरते, आणि त्यांची नावे गावांना देण्याचे प्रयोजन फिके पडते. बुडालेले हायरूल तर वगळावेच लागेल. उरते कोणती शाखा, ते उघड आहे. नायक हरला तरी ऋषी त्याआधीच जागे झालेले होते आणि शेवटी त्यांनीच गॅननला कोंडले, ही ग्रंथाची बाजू या नावांशी जुळते.

याच ओघात मालिकेचे जनक मियामोतो यांच्या जुन्या विधानाचाही उल्लेख करायला हवा. ‘ऑकरिना’ प्रसिद्ध झाला त्या सुमारास एका मुलाखतीत त्यांनी आधी ‘ऑकरिना’, मग पहिले दोन खेळ आणि सर्वांत शेवटी ‘अ लिंक टू द पास्ट’ असा क्रम सांगितला होता. तो त्या खेळाच्या वेष्टनावरील मजकुराशीच विसंगत आहे, कारण तिथे हे लिंक आणि झेल्डा आधीच्या खेळांतील पात्रांचे पूर्वज असल्याचे छापलेले होते. मालिकेच्या जनकाचे तोंडी विधान आणि खेळासोबत आलेला मजकूर यांत विरोध असेल, तर मी दुसऱ्याला प्रमाण मानतो. मुलाखतीत माणूस आठवणीतून बोलतो, आणि मियामोतो यांना कथेपेक्षा खेळण्याच्या अनुभवात अधिक रस आहे, हे त्यांनी कधी लपवलेले नाही.

कोहोलिंटचा प्रवासी

ग्रंथ अंतिम शब्द नाही, हे दाखवणारे एक उदाहरण देतो. ‘लिंक्स अवेकनिंग’ आणि दोन ‘ओरॅकल’ खेळांचा आपापसातला क्रम अधिकृतरीत्याच बदललेला आहे. ‘हायरूल हिस्टोरिया’त ‘ओरॅकल’ आधी होते, कारण दोन्ही खेळ जोडून खेळल्यावर मिळणाऱ्या शेवटी लिंक नौकेतून निघून जातो आणि ‘लिंक्स अवेकनिंग’ची सुरुवात समुद्रातील वादळाने होते. ही जोडणी देखणी होती, पण तिला दोन अडचणी होत्या. ‘लिंक्स अवेकनिंग’च्या अंतिम लढाईत सावली अगाह्निमचे आणि गॅननचे रूप घेते, म्हणजे लिंकच्या मनात ‘अ लिंक टू द पास्ट’मधील शत्रू ताजे आहेत. दुसरीकडे ‘ओरॅकल’मध्ये इम्पा लिंकला आपण झेल्डाची दाई असल्याची ओळख करून देते, राजकन्येला वाचवून दरबारात नावाजलेल्या नायकाला कुणी अशी ओळख करून देत नाही. २०१७ सालच्या पुढच्या अधिकृत ग्रंथात ‘लिंक्स अवेकनिंग’ ‘ओरॅकल’च्या आधी गेला आणि ‘ओरॅकल’चा लिंक वेगळा ठरला.

ज्या हरकती चाहते घेत होते, त्याच दिशेने अधिकृत क्रम सरकला, ही बाब मला फार बोलकी वाटते. मूळ ग्रंथानेही हा इतिहास आज उपलब्ध असलेल्या माहितीवर बेतलेला आहे आणि अनेक रहस्ये उरलेली आहेत, असा सावध इशारा दिला होता. तो इशारा वाद घालणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक वाचतात.

खडेमीठ

चर्चा अजून १९९८ च्या आसपासच घुटमळत आहे, म्हणून मी ती पुढे नेतो. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) आणि ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ (२०२३) या दोन खेळांनी तीन शाखांचा प्रश्न जवळजवळ निरर्थक करून टाकला आहे, असे माझे मत आहे.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ कोणत्या शाखेच्या टोकाला आहे, याचा शोध घेताना चाहत्यांनी अक्षरशः मिठापर्यंत मजल मारली. त्या खेळातील खनिज मिठाच्या वर्णनात ते प्राचीन समुद्रातून आल्याचा उल्लेख आहे, आणि प्राचीन समुद्र म्हटले की ‘विंड वेकर’ची शाखा आठवते. कोरोक आणि रीटो या जमातीही त्याच शाखेतल्या. पण ‘विंड वेकर’मध्ये रीटो हे झोरा या जलचर जमातीचे वंशज असल्याचे दिसते, आणि इथे तर रीटो व झोरा शेजारी शेजारी राहतात. चार दिव्य यंत्रपशूंची नावे पाहिली तर गोंधळ आणखी वाढतो. रूटा, रुडानिया आणि नाबोरिस ही नावे ‘ऑकरिना’तील रूटो, दारूनिया आणि नाबूरू यांच्यावरून आलेली दिसतात, तर मेडो हे ‘विंड वेकर’मधील मेडलीवरून. मेडली ज्या शाखेत जन्मली, तिथले हायरूल समुद्राच्या तळाशी आहे. मग काळाचे मंदिर आणि मृत्युपर्वत पुन्हा जमिनीवर कसे आले, याचे उत्तर द्यावे लागते. झोरांच्या शिलालेखात रूटोने ऋषी म्हणून नायकाला साथ दिल्याचे लिहिले आहे, त्यामुळे सारिया आणि दारूनिया ऋषी झालेच नाहीत ती शाखाही मागे पडते.

अशा परस्परविरोधी खुणा जमल्यावर काहींनी सर्व शाखा कालांतराने पुन्हा एकत्र आल्या, अशी उपपत्ती मांडली. मला ती फारशी पटत नाही. पुरावे जुळत नाहीत तेव्हा ते सगळेच खरे आहेत असे म्हणणे हा शोध थांबवण्याचा मार्ग आहे.

‘टिअर्स ऑफ द किंगडम’ने मात्र अधिक चांगला पर्याय दिला. या खेळात झेल्डा भूतकाळात जाते आणि हायरूलचा पहिला राजा रौरू, त्याची राणी सोनिया आणि राज्याच्या स्थापनेचा काळ पाहते. त्या काळातला गॅननडॉर्फ रौरूच्या हाताने बांधला जाऊन किल्ल्याखाली युगानुयुगे पडून राहतो. ही स्थापना मूळचीच, म्हणजे ‘ऑकरिना’च्याही आधीची धरली, तर ‘ऑकरिना’तील गॅननडॉर्फ जन्मला तेव्हा त्याच्याच नावाचा दुसरा गॅननडॉर्फ जमिनीखाली जिवंत होता, असे मानावे लागते. शिवाय रौरूच्या काळातील ऋषींमध्ये एक रीटो आहे, आणि रीटो तर महापुरानंतर अस्तित्वात आले. यावरून निघणारी उपपत्ती अशी, की जुने हायरूल कधीतरी पूर्णपणे नष्ट झाले, त्याच्या आठवणीही विरल्या, आणि रौरूने स्थापन केले ते त्याच नावाचे दुसरे राज्य होते. या खेळाचे दिग्दर्शक फुजिबायाशी यांनीही २०२३ च्या अखेरीस एका मुलाखतीत, केवळ शक्यता म्हणून, राज्याच्या स्थापनेच्या आधी विनाशाचा इतिहास असू शकतो, असे सुचवले होते. ‘ओरॅकल’पासून ‘स्कायवर्ड सोर्ड’पर्यंत अनेक खेळांचे दिग्दर्शन त्यांनीच केले आहे, त्यामुळे या शक्यतेला वजन आहे.

एकदा दुसरी स्थापना मान्य केली, की आधीची शाखा कोणती होती याने फरक पडत नाही.

प्रकाशनाग

खडेमीठ यांच्या मांडणीतील एका मुद्द्यावर थांबावेसे वाटते. स्थापना मूळचीच धरली तर दुसरी अडचण मास्टर सोर्डची येते, असे पुष्कळांना वाटते. झेल्डा भूतकाळातच राहून नाग होते आणि भविष्यातून पाठवलेली तलवार डोक्यात रोवून युगानुयुगे आकाशात फिरत राहते. मग ‘ऑकरिना’तला लिंक कोणती तलवार उपसतो? पण ही अडचण खरी नाही. आकाशातली तलवार भविष्यातून आलेली आहे, आणि तिला भविष्यात पोहोचण्यासाठी आधी जमिनीवर राहून तो सारा इतिहास भोगावाच लागतो. एकाच वेळी तिची दोन रूपे अस्तित्वात असतात आणि दोन्ही एकाच तलवारीची दोन वये आहेत. पवनचक्कीच्या वादकाचा नियम इथे काटेकोरपणे पाळलेला आहे. या खेळात भूतकाळातील एकाही कृतीने भविष्य बदललेले दिसत नाही.

गॅननडॉर्फची अडचण मात्र खरी आहे आणि रीटो ऋषीची त्याहून खरी. तेव्हा निष्कर्ष मला मान्य आहे, फक्त तलवारीचा पुरावा त्यात जोडू नये. बरोबर निष्कर्षाला चुकीचा टेकू दिला, की विरोधक तो टेकू काढून सारी इमारत पाडल्याचा आव आणतात.

अवांतर: त्या नागाच्या डोक्यात तलवार आहे हे कथेने सांगण्याआधीच ज्यांनी उंचावरून पाहिले, त्यांचा मला हेवा वाटतो.

आख्यायिका

मालिकेच्या नावातच हे सारे दंतकथा असल्याचे सांगितलेले असताना एवढा काथ्याकूट कशासाठी? एकच कथा वेगवेगळ्या पिढ्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली, असे मानले की सर्व विसंगती नाहीशा होतात.

सातवा ऋषी

विसंगती नाहीशा होतात हे खरे, पण त्यांच्याबरोबर सुसंगतीही जातात. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये लिंकला तलवारबाजीचे डावपेच शिकवणारा सांगाडारूपी योद्धा म्हणजे ‘ऑकरिना’चाच नायक आहे, हे ग्रंथाने पुढे स्पष्ट केले. त्याने बालपणात परतून राज्य वाचवले, पण वाचवलेल्या राज्यात त्याचा पराक्रम कुणालाच ठाऊक नव्हता, आणि आपली विद्या पुढच्या पिढीला देता आली नाही ही खंत त्याला मेल्यावरही सुटू देत नाही. दोन खेळांमध्ये आठ वर्षांचे अंतर आहे आणि खेळात त्याचे नाव एकदाही घेतलेले नाही. दंतकथेच्या उपपत्तीत या पात्राला काहीच अर्थ उरत नाही, कालक्रमात मात्र ते मालिकेतील सर्वांत करुण पात्र ठरते. जी उपपत्ती प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देते, ती खेळाकडे पुन्हा पाहायला लावत नाही.

पवनचक्की

‘ट्वायलाइट प्रिन्सेस’चा विषय निघालाच आहे, तर मूळ प्रश्नाशी जोडलेला एक धागा त्यातही आहे. त्या शाखेत गॅननडॉर्फ पवित्र क्षेत्रात कधी शिरलाच नाही. तरी देहदंडाच्या क्षणी त्याच्या हातावर शक्तीचा ट्रायफोर्स प्रकटतो आणि तो एका ऋषीला ठार करतो. ऋषी त्याला दैवाची क्रूर थट्टा म्हणून मोकळे होतात. चाहत्यांचे स्पष्टीकरण अधिक समाधानकारक आहे: लिंक भविष्यातून परतला तेव्हा धैर्याचा ट्रायफोर्स त्याच्यासोबत आला, आणि एक भाग त्याच्याकडे असल्यामुळे उरलेले दोन भागही आपापल्या धन्याकडे गेले. याची दुसरी बाजू ‘विंड वेकर’मध्ये दिसते, कारण तिथे नायक काळ ओलांडून गेल्यावर धैर्याच्या ट्रायफोर्सचे आठ तुकडे होऊन विखुरलेले सापडतात.

म्हणजे नायकाचे जाणे आणि येणे या दोन्हींचे परिणाम ट्रायफोर्सवर दिसतात. हुकशॉट यांच्या मूळ हरकतीला यातून बळ मिळते, हे मी माझ्याच आधीच्या मांडणीविरुद्ध नमूद करतो: पहिल्या दोन शाखांच्या जन्माची खूण ट्रायफोर्सवर उमटलेली आहे, तिसरीच्या जन्माची तशी खूण नाही.

हुकशॉट (धागाकर्ता)

ट्रायफोर्सवरील खुणेची कसोटी मला फार उपयुक्त वाटते, आणि तीच वापरून सातवा ऋषी यांच्या मुद्द्याला उत्तर देतो. गावांच्या नावांवरून जुने खेळ ‘ऑकरिना’नंतर येतात हे सिद्ध होते, आणि ऋषी जागे झालेल्या काळानंतर येतात हेही पटते. पण त्यासाठी नायक हरण्याची गरज नाही. ‘अ लिंक टू द पास्ट’मधील कथेला एवढेच हवे आहे, की गॅननकडे अखंड ट्रायफोर्स असावा आणि तो पवित्र क्षेत्रात कोंडलेला असावा. नायक निघून गेल्यावर राज्य बुडण्याआधी गॅनन ज्या वेळी पुन्हा उठला, त्याच वेळी देवांनी पूर आणण्याऐवजी ऋषींच्या वंशजांनी त्याला कोंडले असते, तर हीच परिस्थिती आली असती. हाही ‘असता तर’चाच प्रकार आहे, हे मला मान्य आहे, पण यात फाटा फुटण्याची जागा तरी कथेने आपल्याला दाखवलेली आहे. लोक नायकाची वाट पाहत थांबले आणि नायक आला नाही, त्या प्रार्थनेच्या क्षणी.

निन्टेंडोचा कल तिसरी शाखा सोडण्याकडे मुळीच नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. २०२४ मध्ये आलेला ‘एकोज ऑफ विज्डम’ त्यांनी त्याच शाखेत ठेवला, आणि त्याच वर्षी सिडनी येथील त्यांच्या कार्यक्रमात लावलेल्या फलकावर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ व ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ हे दोन खेळ तिन्ही शाखांपासून वेगळे दाखवले होते. खडेमीठ यांच्या दुसऱ्या स्थापनेशी ते जुळते, पण शाखांचा प्रश्न निरर्थक झाला, या त्यांच्या निष्कर्षाशी मात्र जुळत नाही, कारण नवे खेळ अजूनही जुन्या शाखांत भरले जात आहेत.

खडेमीठ

फलकावर दोन खेळ वेगळे दाखवले, याचा अर्थ ते इतरांशी असंबद्ध आहेत असा होतो, की सर्वांच्या नंतर आहेत असा होतो, हे त्या फलकावरून ठरत नाही. रूटोचा शिलालेख पाहता मी दुसरा अर्थ धरतो. तुमच्या प्रार्थनेच्या फाट्याबद्दल एकच विचारतो: त्या वेळी धैर्याचा ट्रायफोर्स तुकडे होऊन विखुरलेला होता, मग गॅननच्या हाती तो अखंड आला कसा?

हुकशॉट (धागाकर्ता)

तो प्रश्न रास्त आहे. आठही तुकडे गॅननने आधीच गोळा केले होते, असे मानावे लागेल, आणि तसे सुचवणारी एकही ओळ ‘विंड वेकर’मध्ये मला आठवत नाही. पुराआधीच्या हायरूलबद्दल त्या खेळात लाल सिंहांचा राजा (नायकाची बोलकी नौका) जे काही सांगतो, ते सगळे संवाद कुणी या दृष्टीने पुन्हा वाचणार असेल, तर त्यांनी इथे जरूर लिहावे.